विक्रांतचे बॉयलर, १९७१ आणि लॅगिंगची धूळ

बंबवाला

४ डिसेंबरचा नौदल दिन जवळ आला की जुन्या विमानवाहू विक्रांतची १९७१ च्या युद्धातली गोष्ट फिरायला लागते. एक बॉयलर तडकलेला होता, तरी जहाज लढलं. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे.

तडे बॉयलरच्या वॉटर ड्रममध्ये होते. विक्रांतवर चार अ‍ॅडमिरल्टी थ्री-ड्रम बॉयलर. रचना उभ्या त्रिकोणासारखी: वर एक स्टीम ड्रम, खाली दोन बाजूंना दोन वॉटर ड्रम, आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो नळ्या. मधल्या पोकळीत भट्टी. जून १९७० मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात तपासणी झाली, तेव्हा वॉटर ड्रमच्या आत धातूच्या थकव्याच्या भेगा सापडल्या. वेल्डिंगने बुजवण्यातल्या नव्हत्या. नवे ड्रम ब्रिटनकडे मागवले, पण युद्धाआधी ते यायची चिन्हं नव्हती. जहाज जवळपास सात महिने थंड पडून राहिलं. १ मार्च १९७१ ला बॉयलर पुन्हा पेटवले, मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावर चाचण्या झाल्या आणि निर्णय झाला: दाब दर चौरस इंचाला ४०० पौंडांवर रोखायचा, जहाज ढकलणाऱ्या पंख्याचे मिनिटाला फेरे पुढे १२० आणि मागे ८०. हिशेबाने वेग निघतो १४ नॉट, म्हणजे ताशी १४ सागरी मैल. मूळ जहाज २५ नॉटचं.

आता या चर्चेचा मुद्दा. ड्रममधली भेग बघायची तर धातू उघडा करावा लागतो. आतून मॅनहोल उघडून माणूस शिरतो. बाहेरून बघायचं तर आवरण काढावं लागतं, आणि उष्णता आत ठेवणारं ते आवरण म्हणजे लॅगिंग. सांगाडा १९४३ ला टाइनकाठी व्हिकर्सच्या यार्डात घातलेला, १९४५ ला जलावतरण, बेलफास्टला पुरं होऊन १९६१ मध्ये नौदलात. त्या काळात ब्रिटिश यार्डांत वाफेच्या जहाजाला अ‍ॅस्बेस्टॉसचं लॅगिंग हा सरसकट रिवाज होता. युद्धाच्या गोष्टीत ड्रम येतो, दाब येतो, वेग येतो. ड्रम उघडा करणाऱ्याच्या नाकात काय गेलं ते येत नाही. त्यावर लिहूया.

दर्यासारंग

१४ नॉटचा अर्थ डेकवर काय होतो तेही नोंदवतो, म्हणजे इंजिनरूमवर किती भार होता ते कळेल. विमान उडवताना डेकवरून समोरून येणारा वारा मोजला जातो: जहाजाचा वेग अधिक वाऱ्याचा वेग. २५ नॉटचं जहाज वारा पडलेल्या दिवशीही २५ नॉट वारा स्वतः तयार करतं. १४ चं जहाज बाकीच्यासाठी आभाळाकडे बघतं. सी हॉक आणि त्याहून जास्त अलिझे विमानांना हे जाचक होतं. उरलेली तूट भरणार कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून भिरकावणारं यंत्र, आणि कॅटापुल्टही वाफेवरच, त्याच दुखऱ्या बॉयलरांच्या.

४ डिसेंबरला सकाळी ११ ला आठ सी हॉक उडाले. कॉक्स बाजार, मग चितगाव. कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र. जहाजाच्या वाट्याला एकूण दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं आली.

बंबवाले, माझा प्रश्न: धूळ फक्त बॉयलररूममधल्यांच्या नशिबी होती का? जहाजावर अकराशेच्या वर माणसं होती.

बंबवाला

नाही. पण सगळ्यांच्या वाट्याला सारखीही नव्हती. ती कशी निघते हे कळलं की कोणाला किती हे आपोआप कळतं. म्हणून एक साधं काम घेऊ: मुख्य वाफेच्या पाइपवरचा गळका फ्लँज, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडणारी कडा. सात महिने थंड पडलेला प्लांट पुन्हा तापवला की असे सांधे हमखास गळतात, कारण पाइप वाढतो, आकुंचतो आणि जुनं गॅस्केट कडक झालेलं असतं.

पहिलं, लाइन बंद करून ड्रेन उघडायचा, दाब शून्य झाल्याची खात्री करायची. दुसरं, लॅगिंग काढायचं. वरून रंगवलेलं शिवलेलं कापड (अ‍ॅस्बेस्टॉसचंच), त्याखाली कडक लेप, त्यात कोंबडीजाळी, त्याखाली पाइपच्या गोलाईचे अर्धगोल साचे. साचे बरेचदा ८५ टक्के मॅग्नेशियाचे, बाकी अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा, नाहीतर अमोसाइटचे (तो याचाच एक प्रकार). कापड सुरीने फाडायचं, लेप हातोडी-छिन्नीने. वर्षानुवर्षं तापून लेप भुसभुशीत झालेला असतो, म्हणून तो तुकड्यांनी सुटत नाही, पिठासारखा झडतो. संपूर्ण कामात सर्वांत वाईट पायरी हीच.

तिसरं, बोल्ट समोरासमोर आळीपाळीने ढिले करायचे. चौथं, जुनं गॅस्केट. सीएएफ म्हणजे दाबलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा. उष्णतेने तो फ्लँजला असा चिकटतो की स्क्रॅपरने खरवडावा लागतो, वर तारेचा ब्रश. तोंड गॅस्केटपासून फुटावर. पाचवं, नवं गॅस्केट: सीएएफचा पत्रा फ्लँजवर ठेवायचा, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकत आकार कापायचा, बोल्टची भोकं पंचाने. ग्रॅफाइट लावून बसवायचं, बोल्ट फुलीसारख्या क्रमाने आवळायचे, हळूहळू तापवायचं, गरम झाल्यावर पुन्हा आवळायचे. घाई केली की गॅस्केट एका बाजूने चेपतं आणि दुसऱ्या दिवशी तेच काम परत.

सहावं, लॅगिंग परत. पोत्यातली कोरडी भुकटी बादलीत ओतायची, पाणी घालून हाताने कालवायची, थरावर थर. पोतं उपडं करतानाचा ढग कणीक मळायला पीठ ओततानाच्या ढगासारखाच, फक्त परातीऐवजी बादली. आणि शेवटी खाली पडलेला सगळा चुरा कोरड्या झाडूने झाडायचा. पंखे चालूच.

व्हॉल्व्हच्या ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या सांध्याचं, पॅकिंग वेगळं. जुना ग्रॅफाइट लावलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा विणलेला दोर आकड्याने उपसून काढायचा, नवा दांड्याभोवती गुंडाळून तिरकस कापून कड्या करायच्या, प्रत्येक कडीचा सांधा आधीच्यापासून फिरवून बसवायचा. यात धूळ कमी, पण काम रोजचं.

आता दर्यासारंगांचं उत्तर. वरची यादी ज्यांच्या हातची, म्हणजे स्टोकर (बॉयलर सांभाळणारे), इंजिनरूम आर्टिफिसर (तंत्रज्ञ) आणि डॉकयार्डातले लॅगर-फिटर (लॅगिंग घालणारे-काढणारे), ते पहिल्या रांगेत. दुसऱ्या रांगेत शेजारी आपापलं काम करणारे: इलेक्ट्रिशियन, वेल्डर, रंगारी. यांनी लॅगिंगला हातही लावलेला नसतो, पण बंदिस्त जागेतली हवा एकच. तिसऱ्या रांगेत कॅटापुल्टवाले, आणि ज्यांच्या मेसडेकच्या (खलाशांच्या राहायच्या जागेच्या) छतावरून लॅगिंग केलेले पाइप जातात ते. कॅटापुल्ट सुटलं की पोलादाला बसणारा हादरा झोपेतही ओळखू येतो. फाटलेल्या कापडातून खाली बिछान्यावर चुरा पडतो. ब्रिजवरचा सिग्नलमन यादीत बराच खाली.

खडूस

थोडा अतिरेक होतोय असं वाटतं. वाफेवर चालणारी जहाजं जगभर हजारो होती. धूळ इतकी जालीम असती तर प्रत्येक स्टोकर मेला असता. आणि आपल्याकडे अजूनही घराघरांवर सिमेंटचे पत्रे आहेतच की.

फुप्फुसवैद्य

खडूस, प्रश्न बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

पत्र्यात धागा सिमेंटमध्ये अडकलेला असतो आणि तो बहुतेक क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा प्रकार. तोडला, कापला, घासला तरच मोकळा होतो. लॅगिंगमध्ये तो मुळातच सैल, आणि ब्रिटिश जहाजांवर त्यात अमोसाइट आणि क्रोसिडोलाइट, म्हणजे तपकिरी आणि निळा प्रकार, भरपूर. हे धागे सरळ, सुईसारखे. ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि ५ मायक्रॉनपेक्षा लांब, असे धागे मोजणीत धरतात, कारण बारीक असल्याने ते खोलवर जातात आणि लांब असल्याने फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशींना पूर्ण गिळता येत नाहीत. क्रायसोटाइल कुरळा असतो, फुप्फुसात त्यामानाने लवकर तुटतो. निर्धोक तोही नाही.

प्रत्येक जण आजारी पडत नाही, हे खरं. मात्रा, काळ आणि प्रकार यांवर ते ठरतं. तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते म्हणून सुटं करून सांगतो.

फुप्फुसाच्या आवरणावरचे चट्टे, म्हणजे प्लाक. डायफ्रॅमवर कॅल्शियम धरलेला चट्टा एक्स-रेत पांढरा दिसतो. हा कर्करोग नाही, याचा कर्करोग होत नाही. धूळ आत गेली होती याची ती पावती.

अ‍ॅस्बेस्टोसिस. खालच्या भागात फुप्फुस घट्ट होत जातं. श्वास घेताना शेवटी स्टेथोस्कोपमध्ये वेल्क्रो सोडवल्यासारखा आवाज, बोटांची टोकं गोलसर. याला बरीच मात्रा लागते, म्हणून हा पहिल्या रांगेचा आजार.

मेसोथेलिओमा. आवरणाचाच कर्करोग. याला त्यामानाने कमी मात्राही पुरते आणि संपर्कापासून २० ते ५० वर्षं तो गप्प बसू शकतो. १९७१ ला विशीत असलेला स्टोकर आज पंचाहत्तरीला टेकलाय. त्याच्या घरच्यांना विक्रांत आठवते ती भिंतीवरच्या फोटोपुरती.

चौथा फुप्फुसाचा साधा कर्करोग, आणि तिथे विडी-सिगारेट आली की गणित बिघडतं. सेलिकॉफ आणि हॅमंड यांच्या अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या पाहणीत नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने धोका सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानाने १० पटींच्या आसपास, दोन्ही एकत्र असल्यास ५० पटींहून जास्त निघाला. बेरीज नाही, जवळपास गुणाकार.

आणि बंबवाल्यांनी "काढणं ही सर्वांत वाईट पायरी" म्हटलंय त्याला आधार आहे. डेव्हनपोर्टच्या रॉयल नेव्ही डॉकयार्डात सर्जन कमांडर हॅरीज यांनी १९६० च्या दशकात हवेतले धागे मोजले. जुनं लॅगिंग काढताना धूळ सर्वाधिक होती, आणि छातीतले बदल लॅगरांपुरते मर्यादित नव्हते, इतर कारागिरांतही सापडले. याच्या उलट १९४६ चा एक अमेरिकी अभ्यास पाइप लॅगिंगचं काम फारसं धोक्याचं नाही असं सांगून गेला होता. त्यातल्या बहुतेकांची नोकरी दहा वर्षांच्या आतली होती! पेरल्यावर आठवड्यात शेतात जाऊन पीक आलं नाही म्हणण्यासारखं ते.

खडूस

ठीक. पत्र्याची तुलना मागे घेतो.

सिंधुदुर्गी

कोकणातून नेव्हीत आणि डॉकयार्डात गेलेली पिढीच्या पिढी आहे. अशा वयस्क माणसाला धाप लागत असेल तर नेमकं काय करायचं? गावच्या दवाखान्यात हे कोणी विचारत नाही.

फुप्फुसवैद्य

क्रमाने सांगतो.

छातीचा एक्स-रे पहिला, पण त्यावर थांबू नये. सुरुवातीचा अ‍ॅस्बेस्टोसिस साध्या एक्स-रेत निसटतो. मग एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन), शक्य तर पालथं झोपवून, कारण पाठीवर झोपल्यावर खालच्या भागात गुरुत्वाकर्षणानेही सावली दिसते. स्पायरोमेट्रीसोबत (फुंकून करायची श्वासाची चाचणी) डीएलसीओ मागा. नुसत्या स्पायरोमेट्रीत दम्यासारखा अडथळा आहे की नाही ते कळतं. वायू रक्तात किती जातो ते डीएलसीओ सांगते, आणि अ‍ॅस्बेस्टोसिसमध्ये ती लवकर घसरते.

एका बाजूला छातीत पाणी झालं तर खास सावध. आपल्याकडे एका बाजूचं पाणी म्हणजे टीबी, हे समीकरण इतकं पक्कं आहे की थेट गोळ्या सुरू होतात. टीबी असेलही. पण पाण्यातलं एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) कमी असेल, जंतू सापडत नसेल, महिन्या-दीड महिन्याच्या औषधाने पाणी हटत नसेल किंवा दुखणं वाढत असेल, तर थोरॅकोस्कोपी करून, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, आवरणाचा तुकडा घ्यायला सांगा. नुसत्या पाण्याच्या तपासणीवर मेसोथेलिओमा नक्की करणं कठीण. तुकड्यावर कॅल्रेटिनिन, डब्ल्यूटी-१, डी२-४० हे मार्कर सकारात्मक आणि टीटीएफ-१, सीईए नकारात्मक येतात. पॅथॉलॉजिस्टला अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास कळवला नाही तर तो हे मार्कर लावेलच असं नाही.

विडी सोडणं सत्तरीतही उपयोगाचं. फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस घ्या.

कोर्टकचेरी

कागदाची बाजू. इथे खरी मेख आहे.

नौसैनिक आणि डॉकयार्डातला नागरी कामगार एकाच बॉयलररूममध्ये एकच धूळ खातात, पण कायदे दोन. नागरी कामगाराला नोव्हेंबर २०२५ पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं तिसरं परिशिष्ट लागू होतं (त्यानंतर सामाजिक सुरक्षा संहिता). त्यात अ‍ॅस्बेस्टोसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे कर्करोग व्यवसायजन्य म्हणून दिलेले होते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल आहे, ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवरचा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतरचं असेल तोवर जपायची, असा त्यात आदेश आहे. न्यायालयाने रोगाचं घड्याळ ओळखून मुदत घातली.

आता नौसैनिक. अपंगत्व पेन्शनसाठी आजार सेवेमुळे झाला किंवा बळावला हे सिद्ध व्हावं लागतं, आणि ते ठरवतो सेवा सुटतानाचा मेडिकल बोर्ड. त्या दिवशी छाती साफ असते. निवृत्तीनंतर उपटलेल्या आजारासाठी २००८ च्या एन्टायटलमेंट (पात्रता) नियमांत, ज्यांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली, तरतूद होती: सेवेत सुरू झालेल्या प्रक्रियेचं उशिरा दिसलेलं रूप असेल तर मान्य होऊ शकत होतं, पण आजार सेवा सुटल्यापासून ७ वर्षांच्या आत उद्भवलेला हवा. वर डॉक्टरांनी २० ते ५० वर्षं म्हटलंय. ७ आणि २०. बाकी काही बोलायची गरज नाही.

ज्यांना पेन्शन आहे त्यांना ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) उपचार मिळतात, त्याला कारण सिद्ध करावं लागत नाही. उपचाराचा कागद आणि भरपाईचा कागद वेगळे ठेवा.

तुलनेला ब्रिटन: तिथे १९८७ पूर्वीच्या सेवेबद्दल सैनिकाला सरकारवर दावाच लावता येत नाही. मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांसाठी २०१६ पासून १,४०,००० पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय केला. आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाने, विराटने, आधी हर्मिस या ब्रिटिश नावाने १९८२ चं फॉकलंड युद्ध लढलं, म्हणजे त्या काळच्या तिच्या ब्रिटिश स्टोकरला हा मार्ग आहे. १९८७ नंतर त्याच बॉयलरवर आलेल्या आपल्या स्टोकरला नाही.

भंगारमोजणी

यात एक रांग राहिली. शेवटची.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. तिथे फेरफटका मारून आलेल्यांनी घाबरू नये. न छेडलेल्या लॅगिंगजवळून तासभर जाणं आणि ते फोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव झाला, जहाज मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या जागी गेलं आणि नोव्हेंबरात तोडणी सुरू झाली.

तोडणीत गॅस कटरवाला पाइप कापतो. ज्योतीखाली लॅगिंग आलं तर आधी ते काढायला हवं, नाहीतर कापडाला आग, धूर आणि धूळ एकदम. योग्य पद्धत अशी: जागा ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या प्लास्टिकने बंद, आतली हवा हेपा फिल्टरमधून बाहेर ओढून दाब उणा ठेवायचा, लॅगिंगमध्ये साबणासारखं द्रव्य घातलेलं पाणी मुरवायचं, साध्या पाण्याने अमोसाइट नीट भिजतच नाही, ओलं असतानाच मोठ्या तुकड्यांत काढायचं, दुहेरी पिशवी, लेबल, धोकादायक कचऱ्याच्या भूभरावात. मास्क पी-१०० फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट, म्हणजे दाढी नको. तोंडाला बांधलेला रुमाल निव्वळ मानसिक आधार. छोट्या पाइपला ग्लोव्ह-बॅग पुरते: पाइपभोवती पिशवी, तिलाच शिवलेल्या हातमोज्यांत हात घालून आतल्या आत काम. आणि कपडे घरी न्यायचे नाहीत. ते धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

कायद्याची गंमत: जहाज पुनर्चक्रण कायदा २०१९ आणि हाँगकाँग करार, दोन्हींतून युद्धनौका वगळलेल्या. व्यापारी जहाजाला घातक पदार्थांची यादी सक्तीची, विमानवाहू जहाजाला नाही. फ्रान्सचं विमानवाहू क्लेमान्सो तोडणीसाठी गुजरातेतल्या अलंगला निघालं होतं, ते फेब्रुवारी २००६ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या वादावरून परत बोलावलं आणि शेवटी इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तुटलं. तिच्या बहिणीची, फॉशची, ब्राझीलमध्ये साव पाउलो झाली. तुर्कीने तोडायला घेतली नाही आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्राझीलने ती अटलांटिकमध्ये बुडवली. आपली विराट २०२० मध्ये अलंगला मुकाट चढली.

खडूस

विक्रांतच्या धातूची मोटरसायकल निघाली होती २०१६ ला. टाकीवर बसणाऱ्यांनी काय करायचं? (खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.)

बंबवाला

निवांत बसा. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं. क्रायसोटाइल ६०० ते ८०० अंशांदरम्यान रचनेतलं पाणी गमावून दुसरंच खनिज होतं, अमोसाइटही त्या भट्टीत टिकत नाही. प्रश्न भट्टीच्या आधीच्या हातांचा आहे.

सिंधुदुर्गी

शेवटचं. दवाखान्याच्या कागदावर इतिहास कसा लिहून घ्यायचा? "नेव्हीत होते" एवढंच लिहितात.

कोर्टकचेरी

ते पुरत नाही. जहाज, साल, हुद्दा, जागा, काम आणि धूळ, या सहा गोष्टी एका वाक्यात हव्यात. नमुना:

"रुग्ण १९६९ ते १९७४ विक्रांतवर स्टोकर, बॉयलररूम व इंजिनरूममध्ये पाइपचे लॅगिंग काढणे, गॅस्केट खरवडणे, ग्लँड पॅकिंग बदलणे ही कामे नियमित, श्वसन संरक्षण नाही, १९७०-७१ च्या बॉयलर दुरुस्तीच्या वेळी जहाजावर हजर."

सर्व्हिस बुकातल्या जहाजनिहाय तारखांची झेरॉक्स सोबत जोडा. बरोबरच्या हयात दोन माणसांची सहीची निवेदनं आत्ताच घेऊन ठेवा.

फुप्फुसवैद्य

त्यात "विडी: किती, कधीपासून, कधी सोडली" हेही घाला. लपवलं तर पुढे सगळं विडीवर ढकलतात. आणि हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर नको, पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर हवं. बायोप्सीचा फॉर्म त्यावरूनच भरला जातो.